खुर्चीतलं खुर्चीत

संध्याकाळी सातची मालिका सुरू झाली की पाठोपाठ आमचं दार वाजायचं आणि मंदाताई आत यायच्या. सोफ्यावर बसायच्या नाहीत. कोपऱ्यातला वेताचा मोडा ओढून टीव्हीच्या अगदी समोर मांडायच्या, पदर खोचायच्या आणि परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखे डोळे बारीक करून पडद्याकडे बघायच्या. इकडे माझी बायको ज्योती मालिकेतल्या यामिनीच्या दुःखात बुडालेली. यामिनीला सासूने घराबाहेर काढलंय, यामिनी उंबऱ्याबाहेर उभी राहून मान वळवून एकदा शेवटचं दाराकडे बघतेय. ज्योतीचा हुंदका दाटून यायला आणि मंदाताई म्हणायला एकच गाठ पडायची, "दाराकडे नाही बघत गं ती. अंबाडा सुटायला आलाय म्हणून मान धरलीय. सतरा पिना लावल्या होत्या मी, तरी."

तो अंबाडा त्यांनीच घातलेला असायचा. मालिकांच्या सेटवर नट्यांचे केस करणं हे मंदाताईंचं काम. आमच्या मीरा रोडला याचं कुणाला अप्रूप नाही. निम्म्या मालिका घोडबंदरच्या बाजूला नाहीतर डोंगरी-उत्तनच्या बंगल्यांमध्ये घडतात, त्यामुळे प्रत्येक सोसायटीत कुणी दिवे धरणारा असतो, कुणी कपड्यांना इस्त्री करणारा असतो, कुणी बाई दर लग्नात तिसऱ्या रांगेतली वऱ्हाडीण होते. मंदाताईंचे यजमान लाइटमन होते. ते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि आमच्या बी विंगमध्ये समोरच्या एका खोलीत भाड्याने राहून मंदाताईंनी तीस वर्षं दुसऱ्यांची डोकी सांभाळली. ज्या लोकांच्या मिठावर त्या जगल्या त्या लोकांना त्यांच्याइतक्या शिव्या मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेल्या नाहीत.

दिसायला अगदी किरकोळ. अंगाने काटकुळ्या, सुती साडी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. नखं मुळापर्यंत कापलेली, कारण दुसऱ्याच्या डोक्याला नख लागणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. बोलताना तोंडाचा उजवा कोपरा घट्ट मिटलेला असायचा. आधी मला वाटलं, कधीतरी झटका येऊन गेला असेल. मग कळलं, तीस वर्षं त्या कोपऱ्यात काळ्या पिना धरून बोलायची सवय. पिना नसल्या तरी तो कोपरा उघडायचा नाही. त्यामुळे त्यांची सगळी मतं तोंडाच्या डाव्या बाजूने बाहेर पडायची, आणि मतांना काही तोटा नव्हता.

कुणा नटाचं लग्न मोडलं आणि त्याने ते मोबाइलवर चार ओळींत जाहीर केलं, की मंदाताई म्हणायच्या, "अरे, दार लावून रडा की! हे लोक दार उघडून, दिवे लावून रडतात." कुणी आपल्या तान्ह्या बाळाचा फोटो टाकला आणि बाळाच्या तोंडावर लाल बदाम चिकटवला, की यांचं डोकं फिरायचं. "तोंड दाखवायचं नाही तर फोटो कशाला काढता? आणि दाखवायचं तर दृष्ट काढून दाखवा ना." विमानतळावर जाताना नटून फोटो काढून घेणाऱ्यांवर तर त्यांचा विशेष राग होता. "देवळात जाताना नाही एवढी तयारी! बसायचं काय, तर खुर्चीला पट्टा बांधून तीन तास." हे सगळं मी मोबाइलवर चवीने बघणारा माणूस, त्यामुळे वाद घालायचो. म्हणायचो, "मंदाताई, काळ बदललाय." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "काळ बदलू दे हो सावंत. माणसाला लाज वाटायची जागा तीच आहे."

नुसत्या बोलून मोकळ्या होणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांच्या खुर्चीत बसलेल्या बाईला मोबाइल हातात धरायची परवानगी नव्हती, मग ती कितीही मोठी असो. मोबाइल पालथा घालून त्यांच्या सामानाच्या पेटीत जायचा. आणि एका नटीची गोष्ट तर सेटवरचे लोक अजून सांगतात. ती मेकअपच्या खोलीत बसली होती, केस निम्मे झाले होते, आणि चहा गार आहे म्हणून तिने सेटवर चहापाणी बघणाऱ्या साठीच्या एका स्पॉटदादांना सगळ्यांदेखत वाटेल ते सुनावलं. मंदाताईंनी कंगवा खाली ठेवला. अर्धं डोकं बांधलेलं, अर्धं पिंजारलेलं. बाहेर शॉट लागलेला, असिस्टंट दर मिनिटाला दार ठोठावतोय. मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "दादांना सॉरी म्हण, मग उरलेलं डोकं." ती नटी आधी चिडली, मग आरशात बघितलं, आणि आरशातलं ध्यान बघून सॉरी म्हणाली. पुढे अनेक वर्षं ती मंदाताईंनाच बोलवायची.

सोसायटीतही तेच. आमच्या वार्षिक कार्यक्रमात सहा-सात वर्षांच्या मुलींनी एका गाण्यावर नाच बसवला होता. गाणं कसलं ते सांगत नाही, पण ते दारूच्या अड्ड्यावर घडतं एवढं पुरे. चिमुरड्या पोरी ओठ चावतायत, कमरेला झटके देतायत आणि सगळे आईबाप मोबाइल वर धरून उभे. मीही होतो त्यात. नाच संपला, टाळ्या झाल्या, आणि मंदाताई स्टेजवर चढल्या. माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "मुलींनी फार मेहनत घेतली. आता हाच नाच त्यांच्या आयांनी करून दाखवायचा. मी पहिली टाळी वाजवते."  एकही आई उठली नाही. मुली मात्र "मम्मी, ये ना" म्हणून हाका मारत होत्या, ते ऐकवत नव्हतं.

त्या दिवशी अर्धी सोसायटी मंदाताईंवर रुसली. "खुद पिक्चर लाइन में काम करती है और हमको सिखाती है," असं तिसऱ्या मजल्यावरून ऐकू आलं. पण पुढच्या वर्षी त्यांनी त्याच मुलींना गच्चीत जमवून फुगड्या आणि झिम्मा शिकवला. पोरींनी पहिले चार दिवस तोंडं वाकडी केली आणि पाचव्या दिवशी मंदाताईंना बोलवायला त्यांच्या दाराशी रांग लागली. शेजारच्या हंसाबेनची नात फुगडीत अशी काही फिरायची की आम्हाला भीती वाटायची.

या एवढ्या बोलक्या बाईच्या तोंडून एक गोष्ट मात्र कधी निघाली नाही. कुणाचे केस रंगवलेले, कुणाचे विरळ, कुणी खुर्चीत बसून नवऱ्याबद्दल काय सांगितलं, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. हंसाबेन खायला गरम हांडवो घेऊन यायच्या, गोड बोलायच्या आणि हळूच विचारायच्या, "मंदाबेन, पेली यामिनीना वाळ साचा छे?" केस खरे का खोटे, एवढंच त्यांना हवं असायचं. मंदाताई हांडवो ठेवून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "खुर्चीतलं खुर्चीत." मी एकदा छेडलं, की जगभर त्यांची उणीदुणी काढता, मग इथेच एवढं सोवळं का? तर म्हणाल्या, "जे त्यांनी जगाला दाखवलं त्यावर मी बोलणार. जे फक्त मला दाखवलं त्यावर नाही." तेव्हा मला हे वाक्य आवडलं होतं. पुढे त्याच वाक्यावरून आमचं भांडण झालं.

माझी मुलगी सई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. एक दिवस केस धुताना तिच्या हाताला मानेच्या वर केस गेलेली गुळगुळीत जागा लागली. चाई. आधी रुपयाएवढी होती, महिन्याभरात तळहाताएवढी झाली. सईने डोक्याला स्कार्फ बांधला तो बांधलाच. घरातसुद्धा काढेना. मग कॉलेजला जाईना. परीक्षा तोंडावर आलेली, हजेरी कमी पडत चाललेली, कॉलेजातून फोन यायला लागले. डॉक्टरकडे चल म्हटलं तर रडायची, कारण डॉक्टर डोकं बघणार. ज्योती मागे लागली की दार लावून घ्यायची. अठरा वर्षांची हसरी मुलगी, घरात भुतासारखी वावरायला लागली. मी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात माल पाठवायचं काम बघतो. तिथे पातेल्यांच्या थप्पीसमोर उभा असताना माझे डोळे भरून यायचे.

आणि तिच्या खोलीत तेलाच्या बाटल्या जमत होत्या. तेल तेच, ज्याची जाहिरात यामिनी करायची, म्हणजे तिचं काम करणारी नटी; आमच्याकडे तिलाही यामिनीच म्हणायचे. जाहिरातीत यामिनी झुल्यावर बसते, मान झटकते आणि कमरेखाली पोचणारी वेणी कॅमेऱ्यासमोरून फिरते. सई ती जाहिरात मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावायची. "बाबा, तिचे बघा ना. मी नीट लावत नसेन," असं मलाच समजवायची. 

मंदाताईंपासून आम्ही हे लपवलं होतं. पण एका संध्याकाळी त्या मोड्यावर बसल्या होत्या, सई पाणी प्यायला बाहेर आली, आणि मंदाताईंनी घरात, पंख्याखाली, स्कार्फ बांधलेली पोर बघून हळूच विचारलं, "केवढी आहे?"

सई थबकली. मग तिने तळहात पुढे केला.

"चाईला तेल लागत नाही बाळा," मंदाताई म्हणाल्या. "डॉक्टर लागतो आणि धीर लागतो. बहुतेक वेळा येतात परत केस. मी बघितलेत."

"असं कसं मावशी? तुम्हीच तर यामिनीचे केस करता. ती हेच तेल लावते." सईने आतून बाटली आणली आणि त्यांच्या हातात दिली. "तिसरी आहे ही."

मंदाताईंनी बाटलीवरचा यामिनीचा फोटो बघितला. ती वेणी बघितली. आणि बाटली सईला परत दिली. सई आत गेली. ज्योतीने चहा आणून ठेवला होता, तो त्यांनी अर्धाच घेतला आणि उठल्या.

मी मागोमाग पॅसेजमध्ये गेलो. "मंदाताई, तिचे केस खरे आहेत का? एवढं एकच सांगा. माझ्या पोरीला सांगा. ती शुद्धीवर येईल."

"नाही सांगता येत, सावंत."

"का?"

"खुर्चीतलं आहे."

माझा तोल गेला. "वा! मोबाइलवर बाळाचा फोटो टाकला तर तुमचा जीव खालीवर होतो, आणि इथे एक मुलगी घरात कुजतेय तर तुमचं व्रत आड येतं? तुम्हीही त्यांच्यातल्याच. शिव्याही द्यायच्या आणि त्यांच्याच पापावर पांघरूण घालायचं."

त्यांनी पाठ फिरवली. आपल्या घराची कडी काढली आणि आत गेल्या. तो पॅसेज चार पावलांचा आहे, पण पुढचे तीन आठवडे तो आमच्यापैकी कुणीच ओलांडला नाही. सात वाजता ज्योती मोडा काढून ठेवायची आणि मालिका संपली की परत कोपऱ्यात सरकवायची.

मग माझ्या लक्षात आलं, की मंदाताई सकाळी घरातच असतात. त्यांना न्यायला येणारी कंपनीची गाडी दिसेनाशी झाली होती. गेटवरचा यादव म्हणाला, "मंदाजी को सेट से निकाल दिया, बोलते हैं. मॅडम लोग से कुछ झगड़ा हुआ." हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, बरं झालं. आज हे लिहितानाही माझी मान खाली जाते, पण वाटलं ते असं वाटलं.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. मंदाताई दारात उभ्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सईशी बोलायचंय." मी बाजूला झालो. सई आली तशी म्हणाल्या, "तुला भेटायला कुणीतरी यायचं म्हणतंय. तुझं नाव मी सांगितलेलं नाही, घर सांगितलेलं नाही. 'माझ्या ओळखीची एक पोर' एवढंच म्हटलंय. तू हो म्हणालीस तर ती येईल. नाही म्हणालीस तर विषय संपला."

"कोण?"

"ते ती आली की कळेल. तिचंही नाव मी आधी सांगणार नाही."

सईने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि मान हलवली.

चार वाजता शेअर रिक्षातून एक मुलगी उतरली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळ्यांवर चष्मा. मीरा रोडला धुळीपायी निम्म्या पोरी अशाच फिरतात, त्यामुळे कुणी वळूनही बघितलं नाही. ती मंदाताईंच्या घरात गेली, सई गेली आणि मंदाताईंनी मला दाराबाहेर थांबवलं. "पुरुषमाणसांचं इथे काम नाही. जिन्यात बसा. कुणी आलं तर परत पाठवा."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. ज्या बाईला मी त्यांच्यातलीच म्हणालो होतो तिच्या दाराशी राखण करत बसलो. हंसाबेन कसलासा डबा घेऊन आल्या, तर मी सांगितलं, आत देवाचं काहीतरी चाललंय, बाहेरच्यांनी जायचं नसतं. हंसाबेननी दाराला नमस्कार केला आणि गेल्या.  मग आत कुणीतरी रडायला लागलं, ते सईचं रडणं नव्हतं. मग सईचाही आवाज आला. मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. आणि मग, किती वेळाने कोण जाणे, सई हसली. दोन महिन्यांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. ऐकलं आणि जिन्यातच मला रडू फुटलं.

दार उघडलं. ती मुलगी बाहेर आली, माझ्यासमोर थांबली आणि ओढणी तोंडावरून खाली घेतली. ती यामिनी होती. कमरेखालची वेणी नव्हती. मानेपर्यंत कापलेले विरळ केस आणि कानामागे दोन मोकळे चट्टे.

"काका," ती म्हणाली, "मी तुमच्या मुलीशी खोटं बोलले. जाहिरातीत. आत तिला सॉरी म्हटलंय. तुम्हालाही म्हणते." एवढं बोलून ओढणी सारखी करून ती जिना उतरून गेली.

काय घडलं होतं ते सईने मला त्या संध्याकाळी सांगितलं. यामिनीला दीड वर्षापासून चाई होती. मालिकेतला अंबाडा, ती वेणी, सगळं मंदाताईंनी लावलेलं गंगावन होतं, म्हणजे वरून जोडलेले केस. तेलाच्या पहिल्या जाहिरातीतली वेणीही मंदाताईंनीच बांधली होती. तेव्हा त्यांना त्यात काही गैर वाटलं नव्हतं. तीस वर्षं सेटवर काढलेल्या बाईला वाटलं, पडद्यावरचे केस जोडलेले असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असणार. सईच्या हातातली तिसरी बाटली बघेपर्यंत त्यांना हे माहीतच नव्हतं, की लोक ते खरं धरतात. आमचं भांडण झालं त्याच आठवड्यात दुसऱ्या जाहिरातीचं शूटिंग होतं. मंदाताईंनी गंगावन टेबलावर ठेवलं आणि यामिनीला सांगितलं, "मालिकेत लावीन. मालिका खोटी आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. तेलासाठी नाही लावणार. तिथे पोरी खरं समजतात. पहिल्या वेळी लावलं ती चूक माझी." तेलवाले बाहेर थांबलेले. यामिनी चिडली, मॅनेजर ओरडला, दुसऱ्या बाईला बोलावून वेणी लावून घेतली आणि मंदाताईंना मालिकेवरूनही काढलं. जाताना त्या यामिनीला फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, की माझ्या ओळखीची एक पोर आहे, तिला तुझ्यासारखंच झालंय, ती तीन बाटल्या संपवून घरात बसलीय.

यामिनीने ते तीन आठवडे मनात ठेवलं आणि मग स्वतः फोन केला.

मी समोरच्या दारावर टकटक केली. मंदाताई आल्या. मी म्हणालो, "मंदाताई, त्या दिवशी मी जे बोललो..."

"मुलीचा बाप बोलला," त्या म्हणाल्या. "मी अर्धा चहा टाकून गेले होते. तेवढा करायला सांगा ज्योतीला."

दुसऱ्या दिवशी सई डॉक्टरांकडे गेली. स्कार्फ बांधून का होईना, कॉलेजला जायला लागली. परीक्षेला बसली आणि पास झाली. यामिनीने तेलाचा करार पुढे वाढवला नाही आणि मंदाताईंशिवाय मालिकेत केसांना हात लावू देणार नाही असं कळवलं. मंदाताई परत गेल्या. सोसायटीत कुणाला यातलं काही कळलं नाही. एकदा हंसाबेननी सईलाच यामिनीच्या केसांबद्दल विचारलं, तर ही माझी पोर शांतपणे म्हणाली, "मला काय माहीत मावशी." तेव्हा ज्योतीने आणि मी एकमेकांकडे बघितलं.

आज मी हे लिहितोय ते यामिनीने पुढे स्वतःच सगळ्या जगाला सांगितलं म्हणून. सईला वेगळं विचारलं आहे. ती म्हणाली, लिहा. यामिनीने मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला. गंगावन नाही, मेकअप नाही, तेच मानेपर्यंतचे केस. तिने चाईबद्दल सांगितलं, तेलाबद्दल सांगितलं, आपण चुकलो हेही सांगितलं. सई, ज्योती, मी आणि मंदाताई आमच्या सोफ्यावर बसून तो बघत होतो. त्या दिवशी मंदाताई मोड्यावर बसल्या नव्हत्या, सईच्या शेजारी बसल्या होत्या. ज्योती अर्थातच रडत होती. व्हिडिओ संपला. आम्ही सगळे मंदाताईंकडे बघायला लागलो.

"चांगलं बोलली," त्या म्हणाल्या. मग तोंडाचा तो कोपरा आणखी घट्ट झाला. "पण मागे ते व्हायोलिन कशाला कोकलत होतं? खरं बोलताना बँड लागतो का?"

आणि त्यांनी तिथल्या तिथे यामिनीला फोन लावला. स्पीकरवर. अभिनंदन नाही, काही नाही, पहिलं वाक्य व्हायोलिनचं. पलीकडून ती हसत म्हणाली, "मंदाताई, म्युझिक टाकलं नाही तर लोक बघत नाहीत हो."

"नको बघू दे लोकांना. जिला बघायचंय ती बघेल."

सई हसून हसून सोफ्यावर आडवी झाली.

पुढे मंदाताईंच्या घरमालकाने ती खोली विकायला काढली आणि त्या भाईंदरजवळच्या राई गावाला, खाडीच्या बाजूला, एका कोळ्यांच्या घराशेजारी खोली घेऊन राहायला गेल्या. फोन असतो. परवाच कुणा नटाच्या लग्नातल्या ड्रोनवर पंधरा मिनिटं ऐकवलं. त्या गेल्या त्या दिवशी सामान चढवायला मी होतो. पण मंदाताई म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही. त्याआधीची, व्हिडिओ बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते.

सई कॉलेजला निघाली ती स्कार्फ न बांधता. मागचा चट्टा आता बराच भरला होता, पण दिसत होता. ज्योती खुंटीवरचा स्कार्फ घेऊन तिच्यामागे धावली. मी ज्योतीचा हात धरला. आम्ही दोघं गॅलरीत येऊन उभे राहिलो.

खाली मंदाताईंची गाडी आली होती. त्या दार उघडून आत बसणार तेवढ्यात सई गेटमधून बाहेर पडली. मंदाताईंनी तिच्याकडे बघितलं. ड्रायव्हरला हाताने थांब म्हटलं आणि तिच्यामागे चालायला लागल्या. शेजारून नव्हे, बरोबर दोन पावलं मागून. तिच्या डोक्याकडे मागून बघायचं म्हटलं तर आधी मंदाताईंशी गाठ पडली असती. सईला त्या मागे आहेत हे ठाऊक नव्हतं. गेटसमोरच शेअर रिक्षाच्या रांगेत ती उभी राहिली, तिच्यामागे मंदाताई, त्यांच्यामागे चारपाच बायका. त्यातली एक मान लांब करून सईच्या डोक्याकडे बघायला लागली आणि दुसरीला कोपराने खुणावलं. मंदाताई सावकाश मागे वळल्या आणि त्या बाईकडे नुसत्या बघत राहिल्या. ती बाई लगेच रस्त्याने जाणाऱ्या एका रिक्षाचा नंबर वाचायला लागली.

रिक्षा आली. सई मधल्या सीटवर बसली, मैत्रिणीला फोन लावला आणि बोलत बोलत निघून गेली. रिक्षा वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मंदाताई तिथेच उभ्या होत्या. मग त्या परतल्या, आणि वर आम्ही दोघं गॅलरीत रडवेले होऊन उभे आहोत हे त्यांना दिसलं. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, निरोपाचा आहे, म्हणून मीही हात हलवला. तर त्या दोन बोटांनी खुणावत होत्या, बघत काय उभे राहिलात, आत जा.